आईच्या नावावर

मराठी मध्यमवर्गात तत्त्वं नसलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. हुंडा कुणालाच मान्य नसतो. जात कुणीच मानत नाही. काळ्या पैशाची चीड तर इतकी, की त्या विषयावर समोरचा चहा गार होईपर्यंत बोलतात. मग हे सगळं चालतं कसं? जात बघून आणि सोनं मोजून लग्नं लावतं कोण? घराच्या व्यवहारात नोटांची पिशवी हळूच सरकवतं कोण? जरा खोलात शिरलं की कळतं, हे सगळं आई करते. आई नसेल तर वडील, वडील नसतील तर सासूबाई, आणि कुणीच हाताशी नसेल तर 'समाज'. ज्याच्या हातून घडतं तो बिचारा मात्र कायम तत्त्वाच्याच बाजूचा. "मला स्वतःला यातलं काही पटत नाही हो, पण आईच्या जिवाला लागेल."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मला ते ऐकवत नाही. माणसं तडजोड करतात याबद्दल माझी तक्रार नाही. तडजोड करून तिचं खापर घरात उलट उत्तर न देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फोडतात, याबद्दल आहे. फ्लॅट बायकोच्या नावावर, पाप आईच्या नावावर आणि तत्त्व तेवढं स्वतःच्या नावावर, अशी ही वाटणी आहे. मोठी सोयीची.

घराचंच बघा. जुना फ्लॅट घ्यायला गेलात की दलाल खोल्या दाखवण्याआधी विचारतो, "चेकने किती बसतील आणि कॅश किती?" रेडी रेकनरच्या जरा वरचा आकडा करारात दाखवायचा, त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, उरलेली रक्कम रोख. घर-जमिनीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला जून 2015पासून आयकर कायद्यानं मनाई आहे आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड आहे. हे दलालाला ठाऊक असतं, वकिलाला ठाऊक असतं, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. ठाऊक असूनच चौघं पंखा लावून नोटा मोजतात.

8 नोव्हेंबर 2016च्या रात्री 500 आणि 1000च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले होते. काळ्या पैशाची आता खैर नाही म्हणून. पुढे त्यांनी धाकट्या मुलासाठी फ्लॅट घेतला आणि किमतीचा चांगला जाडजूड हिस्सा 2000च्या कोऱ्या नोटांत दिला. मी विचारलं, पेढ्यांची आठवणही करून दिली. तर म्हणाले, "वहिनी, मला काय हौस आहे का? पण मुलाचं घर व्हायला नको?" मुलगा बंगळुरूला. त्याला इकडे परतायचंच नव्हतं, आणि हे त्यानं मला स्वतः सांगितलं होतं, वडिलांना सांगायचा धीर नव्हता म्हणून. आज त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतो. भाडंही निम्मं रोखीतच घेतात, असं ऐकते.

पण घर परवडलं, लग्नाची बैठक नको. जुन्या काळी हुंड्याचा आकडा निदान तोंडानं बोलायचे. आता कुणी आकडा बोलत नाही, सगळं 'हौसेनं' असतं. साताऱ्याकडची एक बैठक मी जवळून पाहिली. मुलीकडून मी नात्यानं गेले होते. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. 3 जानेवारीला सावित्रीबाईंवर बोलायला पंचक्रोशीतून त्यांना बोलावणं येतं, आणि बोलतातही चांगलं. सतरंजीवर मांडी ठोकून बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, "आमची काही एक अपेक्षा नाही. मुलगी आणि नारळ." मुलीचे वडील भरून पावले. मग मुलाच्या मामांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. मागणी कधी बाप करत नाही, मामा करतो. बापाला भाषणं करायची असतात.

"तसं आमचं काही म्हणणं नाही," मामा म्हणाले. "फक्त थोरल्या सुनेला पंधरा तोळे घातले होते तिच्या माहेरच्यांनी, ते आपलं कानावर घालतो. उद्या जावाजावांत नको. कार्यालय जरा मोठं बघा, माणसं आमची जास्त आहेत. आणि मुलाच्या नोकरीचं गाव लांब, एसटीनं ये-जा करायची म्हणजे तुमच्याच मुलीचे हाल. गाडी तिच्याच नावावर करा, आमच्या नावावर नकोच." औदार्य बघा. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, मुलीचा बाप मान डोलावत होता आणि त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, हे तुम्हाला चालतं?" ते खाली बघत म्हणाले, "ताई, माझा या सगळ्याला विरोधच आहे. पण आमच्या मंडळींची हौस आहे." त्यांच्या मंडळी आतल्या खोलीत बायकांत बसल्या होत्या. मी उठून आत गेले आणि त्यांना गाडीबद्दल विचारलं. त्यांना गाडीचा पत्ताच नव्हता. "आमच्यात असलं सगळं पुरुष ठरवतात, मला कोण विचारतंय," म्हणाल्या. त्यानंतर नात्यातल्या बैठकांची बोलावणी मला येईनाशी झाली, हा माझ्या स्वभावाचा एकमेव आर्थिक फायदा. आहेराचे पैसे वाचतात.

हुंडा देणं आणि घेणं हे दोन्ही 1961च्या कायद्यानं गुन्हे आहेत. म्हणजे त्या सतरंजीवर बसलेले दोन्ही व्याही गुन्हेगार होते. एकजण बायकोच्या हौसेसाठी, दुसरा मुलीच्या सुखासाठी. बायकोला विचारलं नव्हतं, आणि मुलीला? ती बी.ई. झालेली, स्वतः कमावती. तिनं चहाचा ट्रे ठेवला आणि गेली.

स्थळांच्या जाहिरातींत तर आता पुढारलेपणाचा नवा नमुना आहे. 'आंतरजातीय चालेल' असं ठसठशीत लिहितात आणि शेजारी कंसात 'एससी, एसटी क्षमस्व'. आधी दार उघडायचं आणि मग ज्यांच्यासाठी उघडलं त्यांनाच वगळून बाकीच्यांना आत घ्यायचं. वर माफी मागून मोकळं. विचारून बघा, उत्तर ठरलेलं आहे. "आम्हाला काही फरक पडत नाही हो, पण गावाकडे चुलते आहेत." तो चुलता वर्षानुवर्षं या घरी फिरकलेला नसतो. बांधावरून त्याच्याशी कोर्टात दावा चालू असतो. जमिनीच्या वाटणीत ज्याचं एक अक्षर ऐकत नाहीत, जातीच्या बाबतीत त्याचा शब्द मोडवत नाही.

असं कुणाला अडवलं की हमखास न्यायमूर्ती रानड्यांना साक्षीला आणतात. "अहो, रानड्यांनासुद्धा वडिलांसाठी नमतं घ्यावं लागलं, आपण कोण?" ठीक आहे, येऊ द्या रानड्यांना. विधवाविवाहाच्या चळवळीतलं ते आघाडीचं नाव. 1873मध्ये पहिली पत्नी वारली, तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. आता हा माणूस विधवेशी लग्न करणार, अशी सुधारकांना आशा आणि वडिलांना धास्ती. वडिलांनी घाई करून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न ठरवलं आणि रानड्यांनी ते केलं. बाप-लेकातली ही ओढाताण पुढे त्याच मुलीनं, म्हणजे रमाबाईंनी, आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे, ती वाचताना दोघांचीही कीव येते. तरी रानडे चुकले, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्याच चळवळीतले विष्णुशास्त्री पंडित पहिली पत्नी वारल्यावर विधवेशी लग्न करून मोकळे झाले. त्यांनाही नातेवाईक होतेच. आकाशातून पडले नव्हते.

मात्र रानड्यांना साक्षीला आणणारे त्यांची निम्मीच साक्ष वाचतात. त्या अकरा वर्षांच्या मुलीला घरातल्या बायकांचा रोष पत्करून त्यांनी शिकवलं. तिनं पुढे 1909मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. आणि त्या लग्नाबद्दलच्या शिव्या जन्मभर रानड्यांनीच खाल्ल्या. तुम्ही वडिलांच्या नावावर काय केलंत? गाडी घेतलीत.

रानड्यांचा विषय निघाला की मला पंचहौदचा चहा आठवतो, आणि तो मला फार आवडतो. ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी बडी मंडळी जमली, त्यांत रानडे आणि टिळकही होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! काहींनी घेतला, काहींनी मान राखायला नुसता कप हातात धरला, काहींनी तो तसाच बाजूला ठेवला. या कार्यक्रमामागे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. तऱ्हेवाईक, खोडसाळ आणि बायकोशी वागणं अनेकदा अक्षम्य, पण नाक बरोबर कुठे दाबायचं हे त्यांना कळायचं. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही 1892मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचा मोठा विरस झाला. पुन्हा कारण तेच, आप्तेष्टांचा कोंडमारा. लेकींची माहेरपणं अडली, श्राद्धाला भटजी मिळेनात. कपभर चहानं पुण्यातल्या सुधारणेची जी झडती घेतली ती कुठल्या ग्रंथाला जमली नाही. असा एखादा गोपाळराव आज प्रत्येक सोसायटीत हवा. बाकी काही करू नये, फक्त कुणी किती रोख दिले ते सूचना फलकावर लावावं.

आता दुसऱ्या बाजूचे बघू, कारण आईला विचारात घेण्याची एक वेगळी रीतही महाराष्ट्रात होऊन गेली आहे. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, घरी अठराविश्वे दारिद्र्य. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि पांग फिटतील, एवढीच आईची आस. आगरकरांनी शिकत असतानाच आईला पत्र लिहून कळवलं की असल्या आशा ठेवू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी सगळा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे. शाळेच्या पुस्तकांत हे पत्र त्याग म्हणून शिकवतात. मला त्यात वेगळं दिसतं. या माणसानं आईला कारण म्हणून वापरलं नाही, तिला आधीच खरं सांगितलं. त्या पत्रानं आई रडली असेल, चिडलीही असेल. पण मुलानं पुढे जे काही केलं त्याचं ओझं तिच्या माथी नव्हतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 'केसरी' सुटला, 1888मध्ये 'सुधारक' निघाला, पुण्याच्या सनातन्यांनी जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढली, आणि 1895मध्ये चाळिशीही न गाठता दम्यानं पोखरलेला हा माणूस गेला.

घरच्यांना झळ बसते हे खोटं आहे, असं मी म्हणत नाही. बसते, चांगली बसते. 1893मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार, असा गावाचा ठराव. म्हणजे म्हातारी आई आणि भाऊ यांना खरोखर सोसावं लागलं. आजच्यासारखं 'लोक काय म्हणतील' एवढ्यावर भागलं नाही. कर्वे हळहळले, गावाला गेले, वेगळे राहिले. पण आईच्या नावावर गोदूबाईंना सोडून आले नाहीत. विठोबाच्या देवळात सप्ताहाला आई बसते म्हणून दारात सत्यनारायण घालणाऱ्या आमच्या विवेकवादी प्राध्यापकांनी या कर्व्यांवर गौरवग्रंथ काढले आहेत.

त्याच घरातला थोरला मुलगा, रघुनाथ धोंडो, याच्यावर मात्र गौरवग्रंथ काढायला सगळ्यांना फार उशीर झाला. गणिताचा प्राध्यापक. 1921पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवलं. विल्सन कॉलेजच्या चालकांना ते मानवेना. नोकरी किंवा काम, दोन्हीतलं एक. 1925मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै 1927मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि 1953मध्ये मरेपर्यंत चालवलं, सव्वीस वर्षं, जवळजवळ एकट्यानं. अश्लीलतेचे खटले झाले. पहिल्यात 100 रुपये दंड. 1934च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी 200 रुपये दंड झालाच. मासिक कधी पोटाला देत नव्हतं. पत्नी मालतीबाईंच्या नोकरीचा आधार नसता तर घर चाललं नसतं. तत्त्वनिष्ठ पुरुषाचं बिल बहुधा घरातली बाई भरते, हेही एकदा लिहून ठेवायला हवं, कारण चरित्रकार ते तळटिपेत ढकलतात. पण रघुनाथरावांनी इतरांना सांगितलं आणि स्वतःला वगळलं, असं झालं नाही. मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली. वडिलांना 1958मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं, ते योग्यच होतं. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या.

हा माणूस शेजारी म्हणून त्रासदायक असणार, यात मला शंका नाही. बोलायला तिखट, मुलाहिजा न ठेवणारा. आगरकरही तसेच. आपण यांच्या जयंत्या करतो, याचं कारण ते आता आपल्या बैठकीला येऊन बसणार नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्यावर उलटेल. ज्याची नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, ज्याला मुकादमानं कोऱ्या हजेरीपटावर सही करायला सांगितली आणि नाही म्हटलं तर उद्या गेटवर उभं करणार नाहीत, त्याच्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याला तत्त्वनिष्ठा शिकवायला जाणं हा निलाजरेपणा आहे. माझा रोख वेगळ्या लोकांवर आहे. पोटासाठी वाकणारा आणि पोट सुटल्यावर वाकणारा, यांत फरक आहे. दोन फ्लॅट, पेन्शन, मुलं परदेशात, आणि तरी बैठकीत एक वाक्य बोलायची ताकद नाही म्हणणाऱ्यांना मी विचारते आहे: तुमचं नेमकं काय जाणार होतं? फार तर मामा रुसले असते. एखादं स्थळ मोडलं असतं, आणि पंधरा तोळ्यांवर मोडणारं स्थळ मोडलेलंच बरं होतं.

तुम्ही आगरकर व्हा, असं मी म्हणत नाही. मला स्वतःला झेपणारं नाही, आणि ज्यांना झेपतं ते असे लेख वाचून होत नाहीत. माझं मागणं लहान आहे. गाडी हवी होती तर 'मला हवी होती' म्हणा. जात बघितली तर 'मी बघितली' म्हणा. रोख पैसे देऊन कर वाचवला तर छाती काढून सांगा, मी वाचवला. तेवढं बोलायलाही जड जात असेल, तर मग जड का जातं, याचा विचार घरी करा.

आणि पुढच्या वेळी 'आईसाठी केलं' म्हणण्याआधी एकदा आईला विचारा. माझ्या ओळखीच्या बहुतेक आयांना यातलं काहीही नको होतं.